वाट विचारा: दक्षिण सुदानला पहिल्यांदा कामावर जाणाऱ्यांसाठी

देशाच्या उत्तरेकडच्या बेंटिऊ इथल्या विस्थापितांच्या छावणीत पोषण केंद्रावर रुजू होऊन मला महिनाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. एका मुलाच्या कार्डावर मी लाल शाईने ‘डिफॉल्टर’ असं लिहिलं. उपचार अर्धवट सोडणाऱ्यांसाठी आमच्या कामात हाच शब्द वापरतात. दोन मंगळवार त्याची आई आली नव्हती. तिसऱ्या मंगळवारी आली तेव्हा पोराच्या बरगड्या मोजता येत होत्या. मी आवाज चढवला नाही, पण राग माझ्या तोंडावर होता आणि तो तिला दिसला. आमची दुभाषी नुएर जमातीची होती, चार मुलांची आई, छावणीतच राहणारी. ती त्या बाईशी दोन मिनिटं बोलली आणि मला म्हणाली, “सिस्टर, ही पुराच्या बांधापलीकडे राहते. वाटेवर छातीभर पाणी आहे. होडीवाल्याला द्यायला पैसे नव्हते तिच्याकडे.”

कार्डावर वजनाला रकाना होता, उंचीला होता, दंडाच्या घेराला होता, दिलेल्या पाकिटांनाही होता. वाटेला नव्हता.

डॉक्टर, नर्स, पाण्याचे इंजिनिअर, गोदाम सांभाळणारे असे आपल्याकडचे कितीतरी लोक या देशात कामाला जातात. निघण्याआधी बरेच जण मला विचारतात, काय वाचू, काय नेऊ, कसं वागू. त्यांना जे सांगते ते इथे एकदा नीट लिहून ठेवते. माझा अनुभव कुपोषणाच्या कामाचा, म्हणून उदाहरणं तिथली. पण तुम्ही हातपंप बसवायला गेलात तरी आधी विचारायचं एकच: हा माणूस माझ्यापर्यंत कुठल्या वाटेने आला, आणि परत कसा जाणार?

निघण्याआधी इतिहास का वाचायचा

परीक्षेसारख्या तारखा पाठ करू नका, पण काही तारखा माहीत हव्यातच. ९ जुलै २०११ ला हा देश सुदानपासून वेगळा झाला. त्याआधी जानेवारीत सार्वमत झालं, त्यात जवळजवळ ९९ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला. तो आनंद अडीच वर्षंही टिकला नाही. राष्ट्राध्यक्ष साल्व्हा कीर यांनी जुलै २०१३ मध्ये उपाध्यक्ष रीक मचार यांना काढलं आणि १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री राजधानी जुबात गोळीबार सुरू झाला. २०१५ मध्ये करार झाला, तो जुलै २०१६ मध्ये मोडला. सप्टेंबर २०१८ मध्ये पुन्हा करार झाला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये दोघांचं एकत्र सरकार आलं. निवडणूक डिसेंबर २०२४ मध्ये व्हायची होती, ती डिसेंबर २०२६ वर ढकलली. मार्च २०२५ मध्ये ईशान्येकडच्या नासिर इथलं लष्करी ठाणं ‘व्हाइट आर्मी’ म्हणवणाऱ्या नुएर तरुणांनी घेतलं, त्याच महिन्यात मचार (तेही नुएरच) नजरकैदेत गेले, आणि सप्टेंबरात त्यांच्यावर देशद्रोहाचे आरोप ठेवले गेले.

एक आकडा मात्र लक्षात ठेवाच. लंडनच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी काढलेल्या अंदाजानुसार डिसेंबर २०१३ ते एप्रिल २०१८ या काळात युद्धामुळे सुमारे ३ लाख ८३ हजार लोक गेले. त्यातले निम्मेच हत्याराने मेले. उरलेले आजाराने, भुकेने, दवाखाना बंद पडल्याने, घरापासून पळताना. त्या निम्म्यांसाठीच तर आपण तिथे जातो.

घटनांचं कॅलेंडर बनवा

इतिहास कामाला कसा येतो ते आता सांगते. पोषण केंद्रावर पहिला प्रश्न असतो मुलाच्या वयाचा. सहा महिने ते पाच वर्षं यांच्यासाठीचे निकष वेगळे. खूप आयांना जन्मतारीख माहीत नसते. जन्मनोंद नाही, असलेला कागद पुरात गेला, किंवा पळताना मागे राहिला. “किती महिन्यांचा?” असं विचारलं की आई तुम्हाला बरं वाटेल असा एखादा आकडा सांगून मोकळी होते.

म्हणून पहिल्या आठवड्यातच स्थानिक सहकाऱ्यांना घेऊन बसा आणि एका मोठ्या कागदावर गेल्या पाच वर्षांचे महिने आडवे लिहा. त्यांच्याखाली त्या भागातल्या घटना भरा. पाऊस कधी लागला, ज्वारी कधी काढली, नाताळ. बेंटिऊत २०२१ चा पूर घाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस जुबाला आले होते, ते बहुतेकांना आठवतं. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटलं. मार्च २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे देशभरच्या शाळा बंद केल्या होत्या. शिवाय त्या त्या गावाच्या घटना: बाजार जळाला तो दिवस, विमानातून धान्य पडायला लागलं तो महिना.

मग विचारायचं, “पाणी आलं तेव्हा हा पोटात होता की पाठीवर?” या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. आमच्या कॅलेंडरावर मी आधी सगळ्या घटना रेडिओवरच्या घातल्या होत्या. दुभाषीने त्यात स्वतःच्या हाताने तीन वाढवल्या, त्यातली एक छावणीतल्या मोठ्या विहिरीचा पंप बंद पडल्याची. ती मला कुठल्याच अहवालात सापडली नसती, पण बायका सर्वात जास्त त्याच खुणेवर बोट ठेवायच्या. तेवढं करूनही वय कळेना, तर उंचीची काठी असतेच. ६५ ते ११० सेंटिमीटर उंचीच्या मुलांना त्या वयोगटात धरून पुढे जायचं.

पट्टी लावताना

दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी, तिथे सगळे तिला ‘मुआक’ म्हणतात. डावा हात घ्या. कोपर काटकोनात वाकवून खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा. मग हात सैल सोडू द्या आणि त्या खुणेवर पट्टी गुंडाळा. कातडी दाबली जाऊ नये आणि मध्ये फटही राहू नये. ११५ मिलिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. ११५ ते १२५ च्या मधलं पिवळं. त्यावर हिरवं.

पायांकडे बघायला विसरू नका. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा. खड्डा पडून तसाच राहिला तर ती सूज आहे, आणि मग पट्टी हिरवी दाखवत असली तरी मूल धोक्यात आहे. गुबगुबीत दिसणारी अशी मुलं आई मागच्या रांगेत घेऊन बसते, कारण तिलाही वाटतं की आपलं तसं बरं आहे. रांगेतून एक फेरी स्वतः मारा.

ताप नाही, उलट्या नाहीत, मूल मलूल नाही, आणि शेंगदाण्याच्या पौष्टिक पेस्टचं पाकीट चाटून खातंय, तर त्याच्यावर घरी राहून उपचार होतात. एक पाकीट ९२ ग्रॅमचं, त्यात ५०० कॅलरी. भुकेची ही चाचणी गर्दीत करू नका. सावलीत, आईच्या मांडीवर, तिचे हात धुऊन, शेजारी प्यायचं पाणी ठेवून करा. रडणाऱ्या मुलाने पाकीट तोंडातून बाहेर काढलं म्हणून त्याला दवाखान्यात भरती केलेलं मी पाहिलंय. त्याला फक्त आमच्या पांढऱ्या तंबूची भीती वाटत होती.

एवढं सगळं झालं की मग वाट विचारायची. किती वेळ चाललात? मध्ये पाणी लागतं का? होडी लागते का? घरी आणखी कोण लहान आहे, आत्ता त्याच्याजवळ कोण आहे? पुढच्या आठवड्यात येणं जमेल का, की दोन आठवड्यांची पाकिटं एकदम देऊ? शेवटचा प्रश्न नियमाच्या थोडा बाहेरचा आहे. पण वरिष्ठांशी बोलून आम्ही तो नियमात बसवून घेतला. तुम्हीही बोला.

पाणी का ओसरत नाही

बाहेरून आलेला माणूस म्हणतो, पूर आला तर ओसरेल. बेंटिऊत तो ओसरला नाही. २०१९ पासून दर वर्षी पुराचं पाणी वाढत गेलं. पूर्व आफ्रिकेतला मोठा पाऊस आणि व्हिक्टोरिया सरोवराची वाढलेली पातळी, हे सगळं पाणी नाइलमधून उत्तरेकडे येतं आणि सुड नावाच्या अफाट दलदलीत पसरतं. जमीन इतकी सपाट की पाण्याला जायला उतारच नाही. २०२१ नंतर छावणी, रुबकोना गाव आणि धावपट्टी यांच्याभोवती मातीचे बांध घालावे लागले. लाखाहून जास्त माणसं पाण्याच्या पातळीखाली, बांधाच्या आत राहतात. रात्री पाऊस सुरू झाला की पुरुष फावडी घेऊन बांधावर जातात.

अशा ठिकाणी “जेवलात का?” हा प्रश्न निरुपयोगी आहे. उत्तर ‘हो’च येतं, कारण नाही म्हणायला लाज वाटते. “काल चुलीवर काय होतं?” असं विचारा. ज्वारीची असिदा (पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) आणि मासे म्हणाली तर घर अजून तगून आहे. कमळाच्या जातीच्या पाणफुलांचे कंद आणि बिया म्हणाली तर समजा, धान्य संपलंय आणि ती रोज कमरभर पाण्यात उभी राहून कंद उपटतेय. तेव्हा तिच्या पायावरच्या जखमा बघा, आणि तिला साप चावण्याची भीती किती आहे हेही विचारा.

गाईंबद्दल

किती गाई आहेत हे कुणालाही विचारू नका. अनोळखी माणसाला त्याच्या बँकेत किती पैसे आहेत हे आपण विचारत नाही, तसंच हे. डिंका, नुएर, मुरले, मुंडारी या जमातींकडे लग्न गाईंवर ठरतं, भांडण गाईंवर मिटतं, माणूस मेला तर भरपाई गाईंत होते. मुलीचं लग्न लवकर लावण्यामागेही पुष्कळदा हेच गणित असतं: घरातलं जनावर पुरात बुडालं किंवा लुटलं गेलं की मुलीच्या बदल्यात येणाऱ्या गाई हाच आधार उरतो. युद्धाने बंदुका गावोगाव पोहोचल्या, आणि पूर्वी भाल्याने होणारी गुरांची लूट आता एका सकाळी पूर्ण वस्ती रिकामी करते.

आमच्या कामाच्या दृष्टीने बघायचं ते दुधाकडे. कोरड्या ऋतूत तरुण मुलं गुरं घेऊन दलदलीच्या कडेच्या कुरणांवर जातात, त्या कुरणांना ‘तोइच’ म्हणतात. दूध त्यांच्याबरोबर जातं. गावात म्हाताऱ्या, गरोदर बाया आणि लहान मुलं राहतात. त्यामुळे “दूध शेवटचं कधी मिळालं?” एवढं विचारलंत तरी गुरं कुठे आहेत, वाट सुरक्षित आहे का, घरात पुरुष आहे का, हे सगळं न विचारता कळतं.

रस्ता, गोदाम, पगार

देशाचा पहिला डांबरी महामार्ग म्हणजे जुबा ते निमुले, १९२ किलोमीटर, युगांडाच्या सीमेपर्यंत. बाकी बराचसा देश काळ्या चिकण मातीवर आहे. पाऊस लागला की ट्रक चाकाच्या वरपर्यंत रुततो आणि आठवडेच्या आठवडे तिथेच उभा राहतो. मग माल विमानाने, नाहीतर नाइलवरच्या बार्जने, म्हणजे मालवाहू होडीने, आणावा लागतो. दोन्ही महाग, आणि नदीवर जागोजागी थांबवून पैसे मागणाऱ्या चौक्या. यावर उपाय एकच. जानेवारीत गोदाम मोजायचं. भुकेचा हंगाम साधारण मे ते जुलै, आणि नेमका तेव्हाच रस्ता बंद. मार्चपर्यंत माल पोहोचला नाही तर जूनमध्ये ओरडून उपयोग नसतो. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीला कात्री लावल्यापासून तर हे गणित आणखी ताणलं गेलंय. कुठली खेप येणार आणि कुठली नाही, हे गृहीत धरू नका, प्रत्येक वेळी विचारा.

सरकारी आरोग्य केंद्रातला सहकारी दुपारी बाराला निघून गेला तर रागावू नका. सरकारचं जवळजवळ सगळं उत्पन्न तेलाचं, आणि ते तेल सुदानमधल्या पाइपलाइनने बंदरावर जातं. तिथल्या युद्धात फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्य पाइपलाइन फुटली. सरकारी पगार आधीपासूनच महिनोन्महिने थकत होते, त्यानंतर हाल आणखी वाढले. २०११ मध्ये तीनेक दक्षिण सुदानी पौंडांना मिळणारा डॉलर आता काही हजार पौंडांना मिळतो. तो नर्स दुपारनंतर मासे धरायला जातो. सकाळी तो न चुकता येतो, याचीच कदर करा. (स्वतःसाठी डॉलर नेणार असाल तर नव्या छपाईच्या, न चुरगळलेल्या नोटा न्या. जुन्या कुणी घेत नाही.)

काय विचारायचं नाही

जमात विचारू नका. कार्डावर तसा रकाना असला तरी आधी विचार करा, तो कशाला हवा. डिसेंबर २०१३ मध्ये जुबात माणसांना रस्त्यात थांबवून त्यांची भाषा आणि कपाळावरच्या जमातीच्या खुणा बघून मारलं गेलं. तुमच्या तोंडून तोच प्रश्न आला की समोरच्याचे डोळे बदलतात. भाषा हवी असेल तर “कुठल्या भाषेत बोलू?” एवढं पुरे.

उत्तरेला सुदानच्या सीमेजवळच्या रेंकला गेलात तर आणखी एक शब्द जपून वापरा. एप्रिल २०२३ पासून सुदानातून दहा लाखांहून जास्त लोक सीमा ओलांडून आले, त्यातले बरेचसे रेंकजवळच्या जोडा नाक्यावरून. कागदोपत्री त्यातल्या पुष्कळांना ‘परतलेले’ म्हणतात. पण खार्टूममध्ये जन्मलेली, अरबी बोलणारी, हा देश कधीच न पाहिलेली कितीतरी मुलं त्यांत होती. एका बाईला मी “परत आल्यावर कसं वाटतंय?” असं विचारलं. ती म्हणाली, “मी इथे पहिल्यांदाच आलेय.” चौदा दिवस ती प्रवासात होती आणि तिसऱ्या दिवसापासून तिच्याकडे चपला नव्हत्या. “किती दिवस झाले निघून?” असं मी आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच रेंकमध्ये कॉलरा जाहीर झाला. दाटीवाटीच्या तात्पुरत्या मुक्काम केंद्रात पाणी अपुरं पडलं की हेच होतं.

फोटो काढू नका. विमानतळ, पूल, सैनिक यांचे तर मुळीच नाही, फोन जप्त होतो. आणि मुलांचे काढावेच लागले तर आईला विचारा. दुभाषीला सांगा की तिने विचारताना ‘नाही म्हटलं तरी पाकीट मिळेल’ हे वाक्य आधी बोलावं.

लढाईची कुणकुण लागली तर

परदेशी माणसांना विमान येतं. स्थानिक सहकाऱ्यांना येत नाही, आणि मदतकार्यात मारल्या जाणाऱ्यांत बहुतेक तेच असतात. हे आधीच मनाशी कबूल करा आणि तयारी त्यांच्या बाजूने करा. बातमी वाईट यायला लागली की नेहमीची आठवड्याची पाकिटं न देता जास्त आठवड्यांची देऊन टाका. रजिस्टरच्या दोन प्रती करा आणि त्यांत कुणाची जमात, कुणाचा मुलगा कुठल्या बाजूला, असलं काहीही लिहिलेलं नसू दे. सहकाऱ्यांचा पगार रोखीने आगाऊ मिळावा म्हणून वरिष्ठांच्या मागे लागा, तुमचं विमान ठरण्याआधी.

फेब्रुवारी २०१७ मध्ये लीर आणि मायेंडित या दोन काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, दुष्काळ जाहीर झाला होता. बेंटिऊत मला भेटलेल्या अनेक आया तिथल्याच. त्यांच्याकडून एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली: पीक होतं, गुरं होती, पण माणसांनी येऊन सगळं नेलं आणि आम्ही बेटांवर लपलो. पावसाचं नाव कुणीच घेतलं नाही.

थोडी भाषा

जुबा अरबी चार दिवसांत कामापुरती येते. मोया म्हणजे पाणी, अकिल म्हणजे जेवण, वेन म्हणजे कुठे, क्वेस म्हणजे चांगलं. ‘मा फी’ म्हणजे नाहीये, आणि हा शब्द तुम्ही दिवसातून शंभरदा ऐकाल. आपल्या कानाला वेगळं वाटेल, पण मोठ्या बाईला तिथे आदराने ‘मामा’ म्हणतात. नुएर आईला मुलाच्या नावाने हाक मारली तर तिला आवडतं: ‘मान’ आणि पुढे मुलाचं नाव, म्हणजे अमक्याची आई. हाक मारायच्या आधी मुलाचं नाव विचारावं लागतं, तेवढ्यात बोलणं सुरू होतं.

त्या मंगळवारच्या आईला मी नंतर तशीच हाक मारायला लागले. तिच्या कार्डाच्या मागे दुभाषीने लिहून दिलं: बांधापलीकडे, होडी, घरी धाकटी आहे, दोन आठवड्यांची पाकिटं एकदम द्या. मग प्रत्येक कार्डाच्या मागे आम्ही असं लिहायला लागलो. कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या, आया ती गळ्यात बांधतात. आणि लिहाल ते पेन्सिलने लिहा. शाई पाण्यात पसरते, शिवाय वाट दर पावसाला बदलते, मग जुनी खोडून नवी लिहावी लागते.